सीआरव्हीओच्या पेशंटची ईआरजी: कशी काढायची आणि कशी वाचायची

डोळ्याच्या पडद्याची मुख्य शीर तुंबली, म्हणजे सीआरव्हीओ झाला, की पेशंटला नजरेची काळजी असते. डॉक्टरला त्याआधी आणखी एक गोष्ट ठरवायची असते: पडद्याला रक्त किती पोचतंय? डोळा नॉन-इस्केमिक, म्हणजे रक्तपुरवठा टिकलेला असेल, तर मुख्य लढाई मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या सुजेशी असते. इस्केमिक, म्हणजे रक्त कमी पडलेला असेल, तर काही आठवड्यांत आयरिसवर, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीवर नव्या रक्तवाहिन्या फुटू शकतात, डोळ्यातलं पाणी निचरतं त्या कोनात त्या शिरतात आणि डोळ्याचं प्रेशर चढतं. या काचबिंदूला जुन्या डॉक्टरांनी 'शंभर दिवसांचा काचबिंदू' असं नाव ठेवलं होतं. शंभर हा आकडा अर्थातच ढोबळ आहे.

हे ठरवायला बहुतेक जण आधी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो, करतात. अडचण अशी, की ताज्या सीआरव्हीओत सगळा पडदा रक्ताने भरलेला असतो आणि त्या रक्ताआड केशवाहिन्या दिसतच नाहीत. अमेरिकेतल्या सेंट्रल व्हेन ऑक्लूजन स्टडीने दहा डिस्क एरिया (एक डिस्क एरिया म्हणजे डोळ्याच्या नसेच्या तोंडाएवढं क्षेत्रफळ) किंवा त्याहून जास्त भागात रक्तपुरवठा नसेल तर डोळा इस्केमिक धरला. रक्तामुळे अँजिओग्राफी वाचता न आलेल्या डोळ्यांचा वेगळा 'अनिश्चित' गट करावा लागला आणि त्यातले बहुतेक डोळे पुढे इस्केमिकच निघाले. ईआरजी म्हणजे प्रकाशाच्या फ्लॅशला पडदा देतो त्या विद्युत प्रतिसादाचा आलेख; तिला ही आडकाठी नाही. पडद्यावर सांडलेल्या रक्ताने फ्लॅशचा प्रकाश थोडा अडतो, पण संपूर्ण पडद्याचा मिळून जो विद्युत प्रतिसाद येतो तो मोजता येतो. रंगद्रव्याची ॲलर्जी असलेल्या पेशंटलाही ती चालते.

ती उपयोगी पडण्याचं मूळ पडद्याच्या दुहेरी रक्तपुरवठ्यात आहे. प्रकाश पकडणाऱ्या रॉड आणि कोन (cone) पेशींना पडद्यामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातून रक्त मिळतं. ईआरजीतली पहिली, खाली जाणारी ए-लाट मुख्यतः त्यांची असते. आतल्या थरातल्या बायपोलर पेशी पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर जगतात आणि वर जाणारी बी-लाट त्यांच्यापासून येते. म्हणून शीर तुंबून आतला थर उपाशी राहिला की ए-लाट बरीचशी टिकते, बी-लाट खचते आणि उशिरा येते. हेंकेस यांनी शीर तुंबलेल्या डोळ्यांच्या ईआरजीवर १९५३ मध्येच लिहिलं होतं. पुढे आयोवा विद्यापीठातले सोहन सिंग हेरे यांनी १९९० साली वेगवेगळ्या तपासण्या समोरासमोर ठेवून पाहिल्या. एकाच डोळ्यात सीआरव्हीओ असेल आणि दुसरा निरोगी असेल, तर आरएपीडी (टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली की आजारी डोळ्याकडून बाहुली कमी आकसते तो दोष) आणि ईआरजी मिळून ९७ टक्के डोळ्यांचं वर्गीकरण बरोबर होतं, असं त्यांना आढळलं. त्यांच्या मर्यादा होत्या आरएपीडी ०.९ लॉग युनिट किंवा जास्त, आणि बी-लाटेची उंची नॉर्मल सरासरीच्या ६० टक्के किंवा कमी. आरएपीडीला फिल्टरच्या पट्टीपलीकडे काही खर्च नाही, तरी ओपीडीत ती मोजायची सर्रास राहून जाते.

थेंब टाकण्याआधी

इथे चुकलं तर पुढची ईआरजी कितीही सुबक येवो, पेशंटचं नुकसान व्हायचं ते होतंच. बाहुली मोठी केल्यावर आरएपीडी मोजता येत नाही आणि आयरिसच्या कडेची बारीक नवी वाहिनी दिसत नाही. म्हणून थेंबांची बाटली उघडण्याआधी ही कामं उरकून घ्या: दोन्ही डोळ्यांची नजर, प्रेशर, आरएपीडी, मग स्लिट लॅम्पवर जास्त मोठेपणा लावून बाहुलीची कड पूर्ण फिरून बघणं आणि शेवटी गोनिओस्कोपी, म्हणजे खास लेन्स लावून कोन बघणं. काही डोळ्यांत नवी वाहिनी आयरिसवर दिसण्याआधी कोनात येते, तेव्हा गोनिओस्कोपी टाळू नका. लेन्सला जेल वापरलं असेल तर डोळा सलाइनने नीट धुवा, नाहीतर कॉर्नियावरच्या इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो.

आरएपीडी मोजताना न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (प्रकाश ठरावीक प्रमाणात कमी करणारी काच) चांगल्या डोळ्यापुढे धरायचा. ०.३ लॉग युनिटपासून सुरुवात करा आणि ०.३ च्या पायरीने वाढवत जा. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवताना दोन्ही बाहुल्या सारख्या आकसू लागल्या की तो फिल्टर म्हणजे उत्तर. 'आरएपीडी आहे' एवढंच लिहिलेला कागद सीआरव्हीओत निम्मा वाया जातो, आकडा हवा.

मग थेंब. सीआरव्हीओचे बरेच पेशंट ब्लड प्रेशरचे असतात, तेव्हा आधी बीपी मोजा आणि १० टक्के फेनिलेफ्रिन वापरू नका. ट्रॉपिकामाइडबरोबर ५ टक्के फेनिलेफ्रिनचे मिश्र थेंब पुरतात, बीपी फार चढलेलं असेल तर नुसतं ट्रॉपिकामाइड पुन्हा पुन्हा टाका. चाचणी सुरू करताना दोन्ही बाहुल्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. एक आठ आणि एक पाच मिलिमीटर असेल तर लहान बाहुलीच्या डोळ्यात प्रकाश कमी शिरतो, आणि नुसत्या त्यामुळेच लाट ठेंगणी आणि थोडी उशिरा येते.

पडद्याचे फोटो आणि अँजिओग्राफी ईआरजीनंतर. आधी झालीच असेल तर पेशंटला नेहमीच्या खोलीच्या उजेडात किमान ३० मिनिटं बसवा आणि त्यानंतर अंधारात न्या.

इलेक्ट्रोड

कॉन्टॅक्ट लेन्स इलेक्ट्रोडने सिग्नल मोठा आणि स्थिर येतो, पण डोळा बधिर करावा लागतो, शिवाय वयस्कर पेशंटला लेन्स खुपते. डीटीएल हा चांदीचा लेप दिलेला नायलॉनचा बारीक धागा. तो खालच्या पापणीच्या कडेलगत, कॉर्नियाला टेकेल असा ठेवतात. पेशंटला सोसतो, फक्त पापणी लवता लवता धागा खाली पापणीच्या खोबणीत उतरतो आणि लाट लहान होते. प्रत्येक टप्प्याआधी दोन्ही धागे एकाच जागी आहेत ना, एवढं बघाच. एका बाजूचा धागा सरकला आणि तोच नेमका आजारी डोळा असला, तर नॉन-इस्केमिक पडदाही इस्केमिक म्हणून कागदावर उतरतो.

त्वचेवर चिकटवायच्या पट्टीने सिग्नल कॉर्नियावरच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत खूपच लहान येतो. ती वापरून काढलेल्या आलेखाची तुलना कॉन्टॅक्ट लेन्सच्या नॉर्मल आकड्यांशी कधीही करू नये. वेळेचं मोजमाप मात्र पट्टीवरही चांगलं येतं.

संदर्भ इलेक्ट्रोड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ कानशिलावर आणि अर्थ कपाळावर लावा. त्वचा घासणाऱ्या पेस्टने स्वच्छ करा, तेल लावलेलं कपाळ असेल तर आधी स्पिरिटने पुसा. इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोडच्या जोडणीतला विजेचा अडथळा, ५ किलोओमच्या आत हवा आणि दोन्ही बाजूंचा साधारण सारखा. नेहमी दोन्ही डोळे एकाच वेळी रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंग

क्रम आणि फ्लॅशच्या ताकदी आयएससीईव्ही या दृष्टीच्या विद्युत तपासण्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाप्रमाणे ठेवा, नाहीतर तुमचा आलेख दुसऱ्या गावात कुणाला वाचता येणार नाही. आधी २० मिनिटं पूर्ण अंधार. मोबाइल बाहेर, दाराखालची फट बंद, यंत्राचा मॉनिटर पेशंटकडून दिसणार नाही असा. इलेक्ट्रोड अंधारानंतर लाल दिव्यात लावले, तर आणखी ५ मिनिटं थांबा.

अंधारातले टप्पे मंद फ्लॅशकडून तेज फ्लॅशकडे जातात. ०.०१ कँडेला-सेकंद प्रति चौरस मीटरचा फ्लॅश दोन-दोन सेकंदांनी, मग ३ चा दहा सेकंदांनी आणि १० चा वीस सेकंदांनी. घाईत हे अंतर कमी केलं की रॉड पेशी सावरत नाहीत आणि पुढची लाट उगाच खुजी येते. ऑसिलेटरी पोटेन्शियल ३ च्या फ्लॅशमधूनच, ७५ ते ३०० हर्ट्झचा फिल्टर लावून वेगळी काढतात; बाकी सगळ्यासाठी ०.३ ते ३०० हर्ट्झ. यानंतर ३० कँडेला प्रति चौरस मीटरच्या पार्श्वभूमीच्या उजेडात १० मिनिटं बसवून ३ चा एकेरी फ्लॅश आणि ३० हर्ट्झचा फ्लिकर, म्हणजे सेकंदाला ३० फ्लॅश. उजेडातली ही दहा मिनिटं कापू नका. या काळात कोन पेशींचा प्रतिसाद वाढत असतो. आज पाचव्या आणि पुढच्या भेटीत दहाव्या मिनिटाला घेतलं, तर डोळा सुधारला असा भास होईल.

पेशंट थकलेला असेल किंवा ओपीडी तुडुंब असेल, तर सीआरव्हीओसाठी नुसता उजेडातला भागही बराच काही सांगतो. पूर्ण चाचणी जमत नाही म्हणून काहीच न करणाऱ्यांपेक्षा नुसता फ्लिकर काढणारे बरे. हातात धरायच्या यंत्रांनी तो थेंब न टाकताही निघतो, कारण ती बाहुली मोजून त्या मानाने प्रकाश कमीजास्त करतात. पण एका पेशंटला दर भेटीत एकच पद्धत.

पेशंटशी बोलत राहणं हा तंत्राचाच भाग आहे. "काका, समोरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहा. हनुवटी टेकवा, दात एकमेकांवर घट्ट नकोत. आता पापणी लवून घ्या... आता एक फ्लॅश येईल." फ्लॅशच्या आधी पापणी लववायची संधी दिली की अर्धी घाण रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. आवळलेल्या जबड्याने आणि ताठ मानेने आलेख केसाळ दिसतो. पेशंटला ठिपका दिसत नसेल, आणि इस्केमिक डोळ्यात अनेकदा दिसत नाही, तर नजर सरळ समोर ठेवायला सांगा. निरोगी डोळा ती धरून ठेवतो.

प्रत्येक टप्प्याला किमान दोन वेळा घेतलेले आलेख एकमेकांवर ठेवून जुळतात का बघा. जुळत नसतील तर सरासरी काढून ते झाकू नका, कारण शोधा. सगळ्या आलेखावर एकसारखी बारीक नागमोड म्हणजे विजेच्या लाइनचे ५० हर्ट्झ. विजेवर हलणारी खुर्ची, एसी, इन्व्हर्टर, ट्यूबलाइट आणि सुटलेला अर्थ या क्रमाने तपासा. फिल्टरने ५० हर्ट्झ कापायचा मोह होतो, पण त्या खाचेने लाटेचा आकार आणि वेळ दोन्ही बदलतात. मूळ रेषाच वरखाली तरंगत असेल तर घाम, सुटलेली पट्टी किंवा फिरणारा डोळा. कॉन्टॅक्ट लेन्सखाली हवेचा बुडबुडा अडकला की सिग्नल अचानक मरतो, लेन्स काढून पुन्हा बसवण्याला पर्याय नसतो.

झाल्यावर प्रतिजैविकाचा थेंब टाका आणि बधिरपणा उतरेपर्यंत डोळा न चोळायला बजावून सांगा.

आलेख वाचताना

ए-लाट मूळ रेषेपासून खालच्या टोकापर्यंत मोजतात. बी-लाट ए-लाटेच्या तळापासून शिखरापर्यंत, मूळ रेषेपासून नाही. नवखे तंत्रज्ञ इथे हमखास अडकतात आणि बी-लाट मूळ रेषेपासून मोजून निरोगी डोळ्यालाही 'निगेटिव्ह' ठरवतात. बी भागिले ए हा आकडा १ च्या खाली येणं म्हणजे बी-लाटेचं शिखर मूळ रेषेच्या वर चढलंच नाही. हे गणित न करता नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

समजण्यापुरतं एक काल्पनिक उदाहरण. अंधारात ३ च्या फ्लॅशला उजव्या, निरोगी डोळ्यात ए २२० आणि बी ४०० मायक्रोव्होल्ट, गुणोत्तर १.८. डाव्या डोळ्यात ए १९० आणि बी १६० मायक्रोव्होल्ट, गुणोत्तर ०.८४. ए-लाट थोडीच घटली, बी-लाट उजव्याच्या ४० टक्क्यांवर आली. फ्लिकरचा वेळ (फ्लॅशपासून शिखरापर्यंत) उजवीकडे २८ मिलिसेकंद, डावीकडे ३६. सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, असा डोळा इस्केमिक धरूनच चालावं. गुणोत्तराबरोबर फ्लॅशची ताकद लिहा. १० च्या फ्लॅशला ए-लाट मोठी होते आणि तेच गुणोत्तर आपोआप खाली येतं.

उंची आणि वेळ यांत कशावर जास्त भिस्त ठेवायची? आमचं मत वेळेच्या बाजूने आहे. उंची इलेक्ट्रोडच्या जागेने, बाहुलीने, मोठ्या मायनस नंबरने, अगदी पेशंटच्या थकव्यानेही हलते. इम्प्लिसिट टाइम, म्हणजे फ्लॅशपासून शिखरापर्यंतचा वेळ, तेवढा हलत नाही, आणि आयरिसवर नव्या वाहिन्या येण्याशी फ्लिकरच्या लांबलेल्या वेळेचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. निरोगी डोळ्यात तो साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, पण यंत्रागणिक बदलतो. म्हणून स्वतःच्या प्रयोगशाळेचे, वयोगटानुसार नॉर्मल आकडे तयार ठेवावे लागतात. दोन डोळ्यांतला एका मिलिसेकंदाचा फरक सोडून द्या. चार-पाच मिलिसेकंदांचा फरक, बाहुल्या सारख्या असताना, गांभीर्याने घ्या.

फ्लिकरमध्ये एक खड्डा आहे. ३० हर्ट्झवर दोन फ्लॅशमध्ये ३३.३ मिलिसेकंद असतात. आजारी डोळ्यात शिखर ३८ मिलिसेकंदांवर आलं, तर ते पुढचा फ्लॅश पडून गेल्यावर जवळजवळ ५ मिलिसेकंदांनी येतं. यंत्राचा आपोआप लागणारा कर्सर अशा वेळी भलत्याच शिखरावर किंवा मधल्या उंचवट्यावर जाऊन बसतो आणि कागदावर निरुपद्रवी आकडा छापला जातो. उजेडातल्या एकेरी फ्लॅशची बी-लाट बघा. तिथे हा घोटाळा होऊ शकत नाही. तीही लांबलेली असेल आणि फ्लिकर मात्र नॉर्मल म्हणत असेल, तर कर्सर हाताने हलवा.

ऑसिलेटरी पोटेन्शियल म्हणजे बी-लाटेच्या चढणीवरच्या बारीक लहरी. आतल्या थराला रक्त कमी पडलं की त्या लवकर मरतात, पण डायबिटीसमध्येही तेच होतं. त्यांच्या एकट्याच्या जोरावर निर्णय घेऊ नका.

फसवणारे डोळे

सगळ्यात फसवा आलेख नॉर्मलपेक्षा मोठा असतो. सीआरव्हीओच्या काही डोळ्यांत कोन पेशींचा प्रतिसाद चक्क वाढलेला मिळतो. गौरास आणि मॅके यांनी १९९२ मध्ये असे डोळे नोंदवले होते. उंची बघून 'उत्तम' असा शेरा मारण्याआधी वेळ वाचा, तो लांबलेला सापडतो.

दुसरा डोळाही नेहमी प्रामाणिक साक्षीदार नसतो. डायबिटीस दोन्ही डोळ्यांत असतो आणि तोही वेळ लांबवतो. सीआरव्हीओच्या पेशंटच्या 'चांगल्या' डोळ्याची ईआरजीही पुष्कळदा नॉर्मलपेक्षा किंचित मंद निघते. म्हणून तुलना दुसऱ्या डोळ्याशी आणि प्रयोगशाळेच्या आकड्यांशी, दोन्हींशी करायची. दुसऱ्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेलेली असेल तर आरएपीडीचा आधार संपतो, आणि तिथे ईआरजीचं वजन वाढतं, कारण फ्लॅश ईआरजीच्या बी-लाटेला काचबिंदू फारसा धक्का लावत नाही.

पॅनरेटिनल लेसर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या भागावर सगळीकडे लेसर, झालेल्या डोळ्यात उंची लेसरमुळेच कोसळलेली असते. इस्केमियासाठी ती वाचू नका. डोळ्यात सिलिकॉन ऑइल असेल तरी उंची निरर्थक. दाट व्हिट्रिअस (डोळ्यातल्या जेलीतल्या) रक्तस्रावात दोन्ही लाटा मिळून खाली येतात, फक्त बी-लाट नाही. हा फरक कामाचा आहे. ए-लाटही खूपच खाली असेल आणि व्हिट्रिअस स्वच्छ असेल, तर कोरॉइडचा किंवा ऑफ्थॅल्मिक धमनीचा प्रश्न नाही ना, हे बघा.

बीआरव्हीओत, म्हणजे शिरेची एकच फांदी तुंबली असेल, तर या चाचणीच्या फार मागे लागू नका. पाव पडदा आजारी आणि पाऊण पडदा धडधाकट असला की एकत्रित प्रतिसाद जवळजवळ नॉर्मल येतो. तिथे मल्टिफोकल ईआरजी, म्हणजे पडद्याच्या छोट्या छोट्या भागांचा प्रतिसाद वेगवेगळा मोजणारी चाचणी, करून वरचा आणि खालचा भाग ताडून बघतात, पण पेशंटला नजर एका जागी धरता आली पाहिजे.

निकालानंतर

ईआरजी इस्केमिक आली म्हणून लगेच लेसर नाही. सेंट्रल व्हेन ऑक्लूजन स्टडीची शिफारस अशी, की आयरिसवर घड्याळाच्या दोन तासांइतक्या किंवा कोनात कुठेही नव्या वाहिन्या दिसल्या की पॅनरेटिनल लेसर करावं. अशा पेशंटला पहिले सहा महिने दर महिन्याला, शक्य तर त्याहून लवकर, थेंब न टाकता आयरिस आणि कोन बघण्यासाठी बोलवा. लांबच्या गावाहून येणारा, पुन्हा येईल याची खात्री नसलेला पेशंट असेल तर लेसर आधी करायचा विचार रास्त ठरतो.

नॉन-इस्केमिक निकालाने निर्धास्त होऊ नका. त्याच स्टडीत सुरुवातीला रक्तपुरवठा बरा असलेल्या डोळ्यांपैकी ३४ टक्के तीन वर्षांत इस्केमिक झाले, १५ टक्के तर पहिल्या चार महिन्यांतच. नजर अचानक उतरली, आरएपीडी वाढली किंवा रक्तस्राव पुन्हा वाढला, की ईआरजी पुन्हा काढा. एरवी चार-सहा आठवड्यांनी आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदा पुरते.

अँटी-व्हीईजीएफ (सूज आणि नव्या वाहिन्या रोखणाऱ्या) इंजेक्शननंतर फ्लिकरचा वेळ कमी होताना दिसतो, मात्र त्या काळात नव्या वाहिन्याही दबून राहतात. इंजेक्शनं थांबल्यावर त्या उशिराने डोकं वर काढू शकतात, तेव्हा शंभर दिवस उलटले म्हणून तपासणी सोडू नका.

रिपोर्टमध्ये 'ईआरजी ॲबनॉर्मल' एवढ्यावर भागवू नका. इलेक्ट्रोडचा प्रकार, दोन्ही बाहुल्यांचा व्यास, सीआरव्हीओ होऊन किती आठवडे झाले, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, आधी लेसर झालंय का, फ्लॅशची ताकद, दोन्ही डोळ्यांचे ए, बी आणि फ्लिकरचे आकडे, शेजारी तुमच्या प्रयोगशाळेची नॉर्मल मर्यादा, आणि मग एका वाक्यात मत: 'डाव्या डोळ्यात बी-लाट कमी व ए-लाट राखलेली, फ्लिकर लांबलेला, आतल्या पडद्याच्या इस्केमियाशी सुसंगत.' मूळ आलेखही सोबत जोडा. पुढच्या भेटीत दुसऱ्या तंत्रज्ञाने दुसऱ्याच इलेक्ट्रोडने चाचणी केली, तर काय बदललं ते त्यावरूनच ओळखता येतं.